धावताना उघडे कान: बोन कंडक्शन हेडफोन घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पुण्यात राहता, आठवड्यातले तीन-चार दिवस पहाटे कर्वे रस्त्याने धावता आणि रविवारी वेताळ टेकडीवर जाता. गेल्या पावसाळ्यात इअरबड सतत वापरून दोन्ही कानांत बुरशी झाली. औषध देताना डॉक्टरांनी बजावलं, आता कानात काही घालायचं नाही. घरच्यांची काळजी वेगळीच: गाणी चालू असली की मागून येणारी गाडी कळत नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात की हाडातून आवाज पोचवणारे बोन कंडक्शन हेडफोन घ्यावेत का, ते कानाला खरंच सुरक्षित असतात का, आणि स्वस्तातल्या आणि महागातल्या हेडफोनमध्ये नेमका फरक काय.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. दिवसभर लोकांच्या ऐकण्याच्या तपासण्या करते आणि पहाटे स्वतः धावते, त्यामुळे हा विषय मला दोन्हीकडून जवळचा. तुम्ही हे हेडफोन जरूर घ्या. तुमच्या कानाच्या नळीसाठी याहून बरा पर्याय मला दिसत नाही. पण ते विकताना दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात: कान उघडे असल्याने आजूबाजूचं सगळं ऐकू येतं, आणि आवाज पडद्यावर पडत नसल्याने कानाला धोका नसतो. पहिली अर्धी खरी आहे. दुसरीवर विश्वास ठेवून लोक आपलं ऐकणं कमी करून घेतील अशी मला मनापासून भीती वाटते. म्हणून दुसरीपासून सुरुवात करते.

नेहमीच्या हेडफोनमधला आवाज हवेतून कानाच्या नळीत शिरतो आणि पडदा हलवतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन इवलीशी हाडं आहेत. त्यांच्यातून तो आतल्या शंखाकृती भागात, म्हणजे कॉक्लियात जातो. तिथे द्रव असतो. तो हलला की अतिशय नाजूक रोमपेशी चेतवल्या जातात आणि पुढचा संदेश नस मेंदूकडे नेते. बोन कंडक्शन हेडफोनची छोटी गादी कानाच्या पुढे, गालाच्या हाडाच्या मागच्या टोकावर टेकते आणि थरथरते. ती थरथर कवटीच्या हाडातून कॉक्लियात पोचते. नळी आणि पडदा मोकळे राहतात, पण शेवटचा मुक्काम तोच. जॉर्ज फॉन बेकेशी या शास्त्रज्ञाने १९३२ मध्ये हे फार सुंदर प्रयोगाने दाखवलं. त्याने ४०० हर्ट्झचा एक सूर हाडातून ऐकवला आणि तसाच सूर हवेतून अशा बेताने ऐकवला की दोघांनी एकमेकांना पुसून टाकलं, ऐकणाऱ्याला काहीच ऐकू येईना. दोन्ही वाटा आत एकाच जागी मिळतात, म्हणूनच हे होऊ शकलं. कॉक्लियावरच्या कामासाठी त्याला १९६१ मध्ये नोबेल मिळालं.

आता धोक्याचा विचार करा. मोठ्या आवाजाने कायमचं बिघडतं ते या रोमपेशींचं. पडद्याला बारीक छिद्र पडलं तर अनेकदा आपोआप भरतं, पण माणसाच्या रोमपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. हाडातून गेलेला मोठा आवाज त्यांच्यापर्यंत तितक्याच जोराने पोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबल आणि ४० तास अशी आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणून ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. फोनवर दिसणारा डेसिबलचा आकडा हवेतून जाणाऱ्या आवाजाचा अंदाज असतो, हाडातून जाणाऱ्या आवाजासाठी त्यावर भिस्त ठेवू नका. त्याऐवजी आपल्या कानाला विचारा. धावून घरी आल्यावर कानात बारीक गुणगुण होत असेल, कान भरल्यासारखे वाटत असतील किंवा घरातलं बोलणं थोडा वेळ दबलेलं वाटत असेल, तर त्या दिवशी आवाज नक्कीच जास्त होता. हे वारंवार होऊ देऊ नका.

आणि उघडा कान आवाज वाढवायला भाग पाडतो, हे कुणी सांगत नाही. इअरबड नळी बंद करतो, त्यामुळे बाहेरचा गोंगाट आपोआप कमी होतो आणि गाणं कमी आवाजातही ऐकू येतं. कान उघडा असला की गाण्याची स्पर्धा थेट बस, ट्रक आणि हॉर्नशी. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल ही आपल्याकडची कायद्याची मर्यादा, पण सकाळी सातनंतर कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या खांबांखालून धावताना ती पाळली जात नाही हे सांगायला यंत्र लागत नाही. अशा जागी माणूस नकळत बटण दाबत जातो. घरातून निघताना ठेवलेला आवाज नळस्टॉपपर्यंत दीडपट झालेला असतो आणि ते लक्षातही येत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक धावणाऱ्याला मी एकच पद्धत सांगते. घरात किंवा शांत गल्लीत हेडफोन घाला. बोलण्याचा एखादा कार्यक्रम लावा आणि शब्द जेमतेम नीट कळतील इतकाच आवाज ठेवा. मग घरातल्या कुणालातरी मागे पाच-सहा पावलांवर उभं करा आणि नेहमीच्या आवाजात एखादं वाक्य बोलायला सांगा. मान न वळवता ते वाक्य समजलं पाहिजे. नाही समजलं तर आवाज आणखी खाली आणा. ही तुमची वरची मर्यादा. रस्त्यावर गेल्यावर ती वाढवायची नाही. पुढे गोंगाटात कार्यक्रम ऐकू येईनासा झाला, तर तो रस्ता ऐकण्याचा नाही असं समजून थांबवा, पुढच्या शांत वळणावर पुन्हा सुरू करा. पहिले काही दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग अंगवळणी पडतं.

आता पहिल्या समजुतीकडे, म्हणजे रस्त्यावरच्या सुरक्षिततेकडे. इथे उघड्या कानाचा फायदा खरा आणि मोठा आहे, आणि तो केवळ आवाज कानात शिरण्यापुरता नाही. आवाज कुठून आला हे मेंदू कसं ओळखतो? डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित हळू ऐकू येतो. हा उशीर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन-तृतीयांशाइतका असतो, पण मेंदूला तेवढा पुरतो. पुढून की मागून, वरून की खालून, हे मात्र कानाच्या पाळीच्या घड्या सांगतात, कारण त्या घड्यांवर आदळून आवाजाचा पोत बदलतो. इअरबड घातला की ही सगळी व्यवस्था बंद पडते. बाहेरचा आवाज आत सोडणारा ट्रान्सपरन्सी मोड माइकमधून आवाज घेतो, पाळीच्या घड्यांचं काम त्याला पूर्ण जमत नाही, आणि वारा सुटला की माइकमध्ये फक्त घरघर येते. एकाच कानात इअरबड घालून धावणारे बरेच दिसतात. त्यांना गाडी ऐकू येते, पण ती कोणत्या बाजूने येते आहे हे ठरवताना दोन कानांची तुलना करता येत नाही. माझ्या मते हा सर्वांत फसवा पर्याय आहे, कारण आपण काळजी घेतली असं समाधान तेवढं मिळतं.

बोन कंडक्शनमध्ये दोन्ही पाळ्या आणि दोन्ही नळ्या मोकळ्या राहतात. इथपर्यंत सगळं उत्तम. पण कानात आवाज शिरणं आणि माणसाला तो कळणं यांच्यामध्ये लक्ष नावाची गोष्ट असते. एखाद्या चर्चेत मन गुंतलं की शेजारून हाक मारली तरी कळत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे, आणि प्रयोगशाळांमध्येही तो दिसला आहे: डोळ्यांवर किंवा मनावर अवघड काम टाकलं की समोर वाजणारा आवाज माणसाच्या जाणिवेतून निसटतो. हेडफोन कितीही उघडे असले तरी यावर त्यांच्याकडे उपाय नाही. म्हणून धावताना फोनवर बोलू नका, असं मी अगदी हट्टाने सांगते. गाणं मागे सोडून देता येतं, संभाषण तसं सोडता येत नाही. समोरचा माणूस उत्तराची वाट बघत असतो आणि आपण त्याला उत्तर देत चौक ओलांडतो.

शिवाय काही गोष्टींचा मुळात आवाजच येत नाही. इलेक्ट्रिक स्कूटर आता गल्लोगल्ली आहेत, पीएमपीच्या विजेवरच्या बसही २०१९ पासून धावतात. कमी वेगात त्यांचा आवाज टायरपुरताच असतो, आणि तो ऐकण्यासाठी हेडफोन नसले तरी कान टवकारावे लागतात. त्यांच्यापासून वाचायचं तर डोळे हवेत. जिथे पदपथ नाही तिथे रस्त्याच्या उजव्या कडेने धावा, म्हणजे वाहनं समोरून येताना दिसतील. चौक ओलांडताना हेडफोनचं बटण एकदा दाबून आवाज थांबवा. बहुतेक हेडफोनवर हे एक बटण असतंच, आणि ते न बघता सापडायला हवं. खरेदी करताना हे दुकानातच करून बघा.

टेकडीची गोष्ट वेगळी. वाहतूक नाही म्हणून तिथे आवाज मोठा ठेवायला हरकत नाही, असं वाटणं साहजिक आहे. माझं मत उलट आहे. वेताळ टेकडीवर पहाटे धोका ऐकूनच कळतो: झुडपातून येणारी कुत्र्यांची गुरगुर, पाऊलवाटेच्या वळणापलीकडून उतरणारा सायकलवाला, आणि गवत वाढलं की साप. घोणस डिवचली गेली तर कुकरच्या शिट्टीसारखा मोठा फूत्कार टाकते आणि चावण्याआधी सावध करते. तो इशारा कानावर पडण्याइतकी जागा तुमच्या कार्यक्रमात असली पाहिजे. जुन्नरच्या बाजूला उसाच्या शेतांमधून किंवा मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने धावणाऱ्यांना तर मी अंधारात काहीच ऐकू नका असं सांगते. तिथे बिबट्यांचा वावर आहे. उजाडल्यावर खुशाल ऐका.

सायकल चालवत असाल तर अजून एक गोष्ट. ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलं की वाऱ्याचाच आवाज कानात इतका भरतो की मागची गाडी फार जवळ आल्यावर कळते. त्यात गाणं ऐकू यावं म्हणून आवाज चढवला तर उघड्या कानाचा काहीच उपयोग उरत नाही. सिंहगडाचा चढ चढताना वेग कमी असतो, तेव्हा ऐकलं तर चालेल. उतारावर बंदच ठेवा. हेल्मेटच्या बाबतीत आधी हेडफोन, मग हेल्मेट, आणि पट्टे गादीच्या वरून न जाता मागून-पुढून जातील असे बसवा. पट्टा गादीवर दाबला की हनुवटी हलताना आवाज येतो-जातो.

आता ऐकायचं काय. हाडाची वाट खालच्या स्वरांना फारशी मानवत नाही. तबल्याचा डग्गा, ढोलाची थाप, बास गिटार हे हाडातून पोकळ वाटतात. ते वाढवायला गेलं की गालावर गुदगुल्या होतात, कारण तितकी खालची थरथर त्वचेलाच आधी जाणवते. डावा-उजवा फरकही पुसट होतो. आमच्या तपासणीत हे रोज दिसतं: एका कानामागे व्हायब्रेटर लावला तरी आवाज हाडातून दुसऱ्या कॉक्लियापर्यंत पोचतो, म्हणून त्या दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर वाजवून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. संगीताचे बारकावे ऐकायचे तर घरी बसून चांगले हेडफोन लावा.

पण माणसाच्या बोलण्याला लागणारे मधले स्वर हाडातून अगदी स्वच्छ येतात. त्यामुळे या हेडफोनचा सर्वांत चांगला उपयोग बोलण्यासाठी आहे: पॉडकास्ट, मराठी ऑडिओबुक, सकाळच्या बातम्या, आणि सर्वांत उपयोगी म्हणजे धावण्याच्या अ‍ॅपने दर किलोमीटरला सांगितलेला वेग आणि वेळ. अगदी हळू आवाजात तेवढंच ऐकू येतं, बाकी वेळ शांतता. मी लांब पल्ल्याला असंच धावते. मनगटाकडे बघत अडखळायची वेळ येत नाही.

गाणी ऐकूच नका असं मी म्हणत नाही. संगीताने व्यायामाचा शीण कमी जाणवतो हे लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या कोस्टास कारागिऑर्गिस यांच्यासारख्या अभ्यासकांनी चांगलं दाखवलं आहे. मात्र हा परिणाम हलक्या आणि मध्यम श्रमात जास्त असतो. धाप लागेल इतक्या जोरात पळताना शरीराकडून येणारे संदेश एवढे तीव्र होतात की गाण्याचा प्रभाव ओसरतो. म्हणजे रविवारच्या निवांत लांब धावेला गाणी ठीक, जोराच्या तुकड्यांच्या सरावाला त्यांची गरज फारशी नाही.

खरेदीकडे येते, कारण इथे सर्वांत जास्त फसवणूक होते. खोक्यावर बोन कंडक्शन असं लिहिलेले बरेच स्वस्त हेडफोन प्रत्यक्षात कानाजवळ धरलेले छोटे स्पीकर असतात. दिसायला अगदी तसेच, कानावरून मागे जाणारी तार, पुढे गोळा. पण आवाज हवेतूनच येतो. ओळखायची सोपी परीक्षा आहे. हेडफोन लावून मध्यम आवाजात काहीतरी सुरू करा आणि दोन्ही कानांच्या नळ्या बोटांनी घट्ट बंद करा. खरं बोन कंडक्शन असेल तर आवाज तसाच राहील, बहुधा अधिक भरदार होईल, खालचे स्वर उठून येतील. नळी बंद केली की आत तयार झालेल्या खालच्या स्वरांना बाहेर पडायला वाट उरत नाही, म्हणून असं होतं. स्पीकर असेल तर आवाज एकदम दबेल. दुकानात एवढं केलंत तरी पुरे. ऑनलाइन मागवलं तर परत करण्याची मुदत संपण्याआधी ही परीक्षा घ्या.

कानावर अडकवायचे उघडे स्पीकर वाईट असतात असं नाही. त्यांचा नाद अनेकदा जास्त गोड असतो आणि नळीही मोकळी राहते. तुमच्या बुरशीच्या दृष्टीने तेही चालतील. पण ते कानाच्या तोंडाशीच वाजतात, त्यामुळे बाहेरचा आवाज थोडा जास्त झाकतात. शिवाय पैसे एका गोष्टीचे देऊन दुसरी घरी आणणं मला पटत नाही. आता मधला प्रकारही आला आहे. शॉक्झ कंपनीच्या, म्हणजे डिसेंबर २०२१ पर्यंत आफ्टरशॉक्झ नाव असलेल्या कंपनीच्या, ओपनरन प्रो २ मध्ये मधले आणि वरचे स्वर हाडातून आणि खालचे स्वर छोट्या स्पीकरमधून येतात. गाणी ऐकायची जास्त हौस असेल तर हा तोडगा बरा.

महागड्यात पैसे कशाचे जातात? मुख्यतः तीन गोष्टींचे: लवचीक टायटॅनियमची चौकट, आवाज फार न गळू देणारी गादी आणि पाण्यापासून संरक्षण. शेवटच्या गोष्टीकडे नीट बघा. खोक्यावर आयपी असं संरक्षणाचं मानांकन असतं. त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपी५५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसेल. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालेल. पहिल्या आकड्याच्या जागी एक्स असेल तर धुळीची परीक्षा झालेली नाही इतकंच. शॉक्झच्याच ओपनरनला आयपी६७ आहे, तर त्याहून महागड्या प्रो प्रकाराला आयपी५५. म्हणजे किंमत वाढली की पाण्यापासूनचं संरक्षण वाढतंच असं नाही. पुण्याच्या पावसात पळण्यासाठी आयपी५५ पुरतं, पण मुंबईत किंवा कोकणात धो-धो पावसात धावणाऱ्याने आयपी६७ घ्यावं असं माझं मत आहे.

या सगळ्या परीक्षा साध्या पाण्याने होतात. घामात मीठ असतं आणि खरं नुकसान तेच करतं. चार्जिंगच्या टोकांवर हिरवट थर चढतो आणि एक दिवस हेडफोन चार्ज होणं बंद होतं. रोज धावून आल्यावर ओल्या फडक्याने पुसा, आयपी६७ असेल तर नळाच्या बारीक धारेखाली धरलं तरी चालेल, आणि पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवा. घामेजल्या डब्यात बंद करून ठेवणं सर्वांत वाईट.

पोहताना वापरायचे असतील तर प्रकार निराळाच घ्यावा लागेल. ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात, डोकं पाण्याखाली गेलं की काठावरच्या फोनशी संपर्क तुटतो. म्हणून ज्यात गाणी आधीच भरून ठेवता येतात तेच उपयोगी. पाण्याखाली आपण तसंही मुख्यतः हाडातूनच ऐकतो, त्यामुळे पोहताना ह्या हेडफोनचा आवाज जमिनीपेक्षा बरा वाटतो. तुम्ही मात्र बुरशी पूर्ण बरी होईपर्यंत तलावाचा विचार करू नका.

बसवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण 'आवाजच नीट येत नाही' अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारी गादी चुकीच्या जागी बसल्याच्या असतात. कानाच्या भोकापुढे जो छोटा मऊ उंचवटा असतो, त्याच्या पुढे आणि किंचित वर बोट ठेवा. तिथे हाड लागतं. तोंड उघडबंद करून बघा: बोटाखाली सांधा हलत असेल तर तुम्ही खाली आहात, तो जबड्याचा सांधा. थोडं वर सरका, स्थिर हाड लागेपर्यंत. गादी तिथे टेकली पाहिजे. केस किंवा कल्ले मध्ये आले तर आवाज घटतो. डोकं लहान असेल तर मागची तार मानेपासून लांब राहते आणि प्रत्येक पावलाला उडते. बायकांना आणि मुलांना हा त्रास जास्त. अशांसाठी काही कंपन्या आखूड तारेचा मिनी प्रकार देतात, तो घ्या. खाली बांधलेला अंबाडा किंवा जाड वेणीही तारेला ढकलते, केस थोडे वर बांधले की प्रश्न सुटतो. चष्मा असेल तर आधी हेडफोन, मग काड्या. थंडीत कानटोपी घालायची तर तार टोपीच्या बाहेरून घेऊ नका, आतून घ्या.

शर्यतींबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कधीतरी उतरालच. नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. इंग्लंडमध्ये वाहतुकीला पूर्ण बंद नसलेल्या रस्त्यावरच्या शर्यतीत कानात घालायच्या हेडफोनला मनाई आहे, बोन कंडक्शनला मात्र परवानगी. ट्रायथलॉनमध्ये, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत, कोणतेच हेडफोन चालत नाहीत, उघड्या कानांचेसुद्धा. गोव्याची आयर्नमॅन ७०.३ शर्यत करायची असेल तर हे लक्षात ठेवा. बाकी शर्यतींची नियमपत्रिका नावनोंदणी करतानाच वाचा.

आता तुमच्या कानांबद्दल. कानाची नळी उबदार असते, आणि तिच्यात घाम आणि पावसाळी दमट हवा इअरबडने कोंडली की ॲस्परजिलस आणि कँडिडा या बुरशींना हवं ते सगळं मिळतं. त्यात खाज सुटते म्हणून कापसाची काडी फिरवली जाते, नळीची त्वचा सोलवटते आणि बुरशीला आणखी घर मिळतं. बोन कंडक्शनने हा कोंडमारा थांबतो. काडी मात्र तुम्हालाच थांबवावी लागेल.

एक निरीक्षण फार महत्त्वाचं आहे. हे हेडफोन लावल्यावर तुम्हाला 'अरे, इअरबडपेक्षा यात कितीतरी स्पष्ट ऐकू येतं' असं वाटलं, तर खूश होण्याआधी कान तपासून घ्या. निरोगी कानाला हवेची वाट हाडाच्या वाटेपेक्षा सोपी असते. हाडातून जास्त स्पष्ट ऐकू येत असेल तर नळी, पडदा किंवा त्या तीन हाडांमध्ये अडथळा असण्याची शक्यता आहे: साठलेला मळ, पडद्याला छिद्र, पडद्यामागे पाणी, किंवा रिकीब आखडण्याचा ऑटोस्क्लेरोसिस हा आजार. नादकाट्याची आमची जुनी परीक्षा याच तत्त्वावर चालते. ज्यांना असा दोष आहे त्यांच्यासाठी हाडाची वाट वरदान ठरते. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९७७ मध्ये कानामागच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडलेले पहिले रुग्ण याच प्रकारचे होते. उलट वयाने किंवा गोंगाटाने नसेची आणि रोमपेशींची झीज झाली असेल तर हाडातून ऐकवून काहीच वाढ होत नाही. असे लोक आवाज चढवत राहतात आणि उरलेल्याचंही नुकसान करून घेतात.

काही जणांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. गादीत चुंबक असतो, म्हणून पेसमेकर किंवा कॉक्लियर इम्प्लांट असलेल्यांनी आधी विचारावं. जबड्याचा सांधा दुखत असेल, चेहऱ्याची किंवा कानाची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तरीही. अर्धशिशी असलेल्या काहींना ही थरथर सोसत नाही, त्यांनी घेण्याआधी कुणाचे तरी अर्धा तास लावून बघावेत.

तुम्ही आत्ता करायचं ते असं. आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून दोन्ही नळ्या स्वच्छ आणि कोरड्या झाल्याची खात्री करा. त्याच वेळी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, काढून घ्या. अर्धा तास लागतो, दुखत नाही, आणि हवेची आणि हाडाची अशा दोन्ही रेषा कागदावर मिळतात. तो कागद जपून ठेवा. वर्षभर हेडफोन वापरल्यावर पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. ४००० हर्ट्झच्या आसपास रेषेला नवा खळगा पडलेला दिसला, तर तुमचा आवाज ठरवलेल्या मर्यादेच्या वर जातो आहे, आणि तो कागद घेऊन लगेच कान तपासणाऱ्याकडे जा.